इंटरनेट नसलं तरी वायफाय असतं

(जळगाव येथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



वायफाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज एवढं पक्कं करून घरी गेलात तरी पुरे. वायफाय म्हणजे फक्त बिनतारी जोडणी. तिच्या दुसऱ्या टोकाला सगळं जग असू शकतं, किंवा त्याच खोलीतला एक छोटा कॉम्प्युटर.

हे का सांगतोय? आपल्या कितीतरी घरांत चालू फोन एकच असतो. दिवसा तो अब्बांकडे, संध्याकाळी भावाकडे. दहावीच्या मुलीच्या हाती येईपर्यंत डेटा संपलेला असतो. पण त्याच घरांत सिम नसलेले जुने फोन कपाटात पडून असतात. त्यांचं वायफाय शाबूत असतं. मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत ते रिचार्जशिवाय कामी येऊ शकतात.

त्यासाठी रास्पबेरी पाय पुरतो. हातावर मावणारा, एकाच बोर्डावरचा कॉम्प्युटर. २०१२ साली तो आला तेव्हा त्यात वायफाय नव्हतं. २०१६ च्या पाय ३ पासून ते बोर्डावरच मिळालं.

जोडणीचा क्रम लक्षात ठेवा. आधी इमेजर या मोफत प्रोग्रामने मेमरी कार्डावर सिस्टिम लिहा. तिथेच घरच्या वायफायचं नाव, पासवर्ड आणि देश भरा. देश 'भारत' निवडायला विसरू नका. रेडिओलहरींचे नियम देशागणिक बदलतात, म्हणून नव्या बोर्डांवर देश ठरेपर्यंत वायफाय बंद ठेवलेलं असतं. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला. म्हणूनच घरात राउटर लावायला कुणाची परवानगी लागत नाही.

पाय झिरो २ डब्ल्यू घेतला असेल, तर त्याला फक्त २.४ गिगाहर्ट्झ दिसतं. राउटर ५ वर असेल तर नाव यादीत येणारच नाही. बोर्ड बिघडला समजू नका.

जुने व्हिडिओ पाहून कार्डावर वायफायची फाइल टाकत बसू नका. ऑक्टोबर २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून ते काम नेटवर्कमॅनेजर करतो आणि ती जुनी युक्ती चालत नाही.

जोडणी झाली की साहित्य उतरवून घ्या. किविक्समुळे मराठी विकिपीडिया इंटरनेटशिवाय वाचता येतो. बालभारतीची मराठी आणि उर्दू माध्यमाची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात. वापराच्या अटी वाचून ती ठेवा. हे सगळं आधी करायचं, कारण पुढची पायरी उलटी आहे. आता पायने दुसऱ्याचं वायफाय पकडायचं नाही, स्वतःचं सोडायचं. नेटवर्कमॅनेजरमध्ये हॉटस्पॉट बनवा, पासवर्ड द्या, आणि वीज जाऊन आली की तो आपोआप सुरू होईल अशी सोय करा.

फोन जोडला की तो 'इंटरनेट नाही' असं बजावेल. 'तरीही जोडलेले राहा' निवडा. आपल्याला इंटरनेट नकोच आहे.

आता आपल्या खान्देशातल्या अडचणी. धुळे-जळगावचा मे महिना आणि वर पत्र्याचं छप्पर: बोर्ड तापतो आणि मंदावतो. हीटसिंक लावा, हवा खेळू द्या. चोरीच्या भीतीने लोखंडी कपाटात ठेवलात तर लहरी बाहेर येणार नाहीत. मोबाइलचा जुना चार्जर आणि बारीक वायर वापरलीत तर वीज कमी पडून बोर्ड मधूनच बंद पडेल. अचानक वीज गेल्याने कार्ड खराब होऊ शकतं, म्हणून भरलेल्या कार्डाची एक प्रत वेगळी ठेवा. आणि बोर्डावरचं वायफाय एका खोलीपुरतं, मोजक्या फोनांपुरतंच असतं. गर्दी वाढली तर केबलने एक साधा राउटर जोडा. झिरोला केबलचं पोर्ट नसतं, हे खरेदीआधीच पाहा.

शेवटची गोष्ट तांत्रिक नाही. पासवर्ड ज्याच्याकडे, मालकी त्याची. तो एकाच माणसाच्या खिशात राहिला, तर घरातल्या फोनचीच गोष्ट अभ्यासिकेत पुन्हा घडेल. म्हणून माझी एकच अट आहे. प्रत्येक अभ्यासिकेत हे काम किमान दोघांना पहिल्यापासून शेवटपर्यंत आलं पाहिजे, आणि त्यातली एक मुलगी असली पाहिजे. पेटी बिघडली, तर शहरातून कुणाला बोलवावं लागता कामा नये.

आज दोन बोर्ड सोबत आणलेत. कार्ड कोरी आहेत. पुढे या, सुरुवात तुमच्याच हाताने करू.