मेळ घालणारा माणूस

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



‘प्रोग्रॅम मॅनेजर’ या विषयावर आम्ही बोलणार असे जाहीर होताच एका ज्येष्ठ सभासदांनी आम्हांला विचारले, “म्हणजे पेटी-तबल्याची व्यवस्था पाहणारा का हो?” प्रश्न गमतीचा खरा, पण अगदीच गैरलागू नव्हे. आपल्या मंडळात ‘कार्यक्रम’ म्हटले की नाटक, गाणे, हळदीकुंकू हेच डोळ्यांपुढे येते. आज मात्र आपल्यापैकी कित्येकांची मुले, लेकी-सुना मोठमोठ्या कंपन्यांत याच हुद्द्यावर आहेत, आणि त्या नेमके काय करतात हे घरच्यांना सांगता येत नाही. डॉक्टर रोगी तपासतो, इंजिनिअर पूल बांधतो. आमचा मुलगा मात्र दिवसभर नुसता बोलत असतो, अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. तिला उत्तर द्यावे, एवढाच आमचा हेतू आहे.

एक पूल बांधणे हा एक प्रकल्प. त्याला आरंभ असतो, अंदाजपत्रक असते आणि शेवट असतो. परंतु एकाच उद्दिष्टासाठी असे अनेक प्रकल्प एकाच वेळी चालतात, आणि त्यांतला एक अडला तर बाकीचे पूर्ण होऊनही निरुपयोगी ठरतात, तेव्हा त्या सर्वांचा मेळ घालणारा कोणी लागतो. तोच प्रोग्रॅम मॅनेजर. त्याचे यश पूल उभा राहण्यात नसते, पुलावरून गाडी धावण्यात असते.

याचे उदाहरण आपल्या मुलुखातच आहे. आमच्या पिढीने मुंबईस उतरून, रात्रभर एस. टी.च्या गाडीत अंग आंबवून कोकणातले घर गाठलेले आहे. त्या वाटेवर रेल्वे आणण्यासाठी १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. केंद्र सरकारबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ ही चार राज्ये त्यात भागीदार झाली, आणि ई. श्रीधरन यांच्याकडे अध्यक्षपद आले. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग, नव्वदांहून अधिक बोगदे आणि लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल, असा हा व्याप होता.

श्रीधरन यांनी स्वतः किती बोगदे खणले? एकही नाही. त्यांनी मार्गाचे सात विभाग पाडले, प्रत्येकावर एक मुख्य अभियंता नेमला आणि निर्णयाचा अधिकार जागेवरच दिला. या कामातले पहिले कौशल्य हेच: कोणता निर्णय आपण घ्यावयाचा आणि कोणता दुसऱ्यावर सोपवावयाचा, हे ओळखणे.

दुसरे कौशल्य काळाचा हिशेब ठेवण्याचे. भांडवलाचा मोठा भाग रोख्यांच्या रूपाने बाजारातून उभारलेला होता. म्हणजे काम थांबले तरी व्याज थांबत नव्हते. म्हणून कामाच्या ठिकाणी उलट मोजणारी घड्याळे लावली होती. किती दिवस झाले हे ती सांगत नसत; किती उरले, तेवढेच दाखवीत.

तिसरे कौशल्य अडचण लवकर ओळखण्याचे, आणि ते सर्वांत कठीण. सह्याद्रीच्या कातळासाठी स्वीडनहून यंत्रे आणली होती, आणि साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा पार पडला. परंतु खरा छळ केला तो मऊ मातीने. पेडण्याचा बोगदा जेमतेम दीड किलोमीटरचा; पण पाणी झिरपे, माती ढासळे आणि पुन्हा खणावे लागे. दोन्ही बाजूंचा मार्ग तयार होऊनही सलग गाडी मात्र नाही. संपूर्ण मार्गाची गती सर्वांत मागे राहिलेल्या कामाने ठरते, हा या व्यवसायातला पहिला धडा आहे.

चौथे कौशल्य माणसांचे म्हणणे ऐकून घेण्याचे. गोव्यात मार्गाच्या आखणीला विरोध झाला. खाजण जमिनी आणि जुन्या गोव्याची वारसास्थळे यांविषयी लोकांनी आक्षेप घेतले, आणि १९९३ मध्ये तेथील काम काही काळ थांबले. ज्याची वडिलोपार्जित जमीन जाते, त्याला नकाशावरची रेघ दाखवून भागत नाही. त्याचप्रमाणे या कामात अनेक कामगारांनी प्राण गमावले. रत्नागिरी स्थानकाजवळ त्यांचे स्मारक आहे. वेळेचा आणि पैशाचा हिशेब मांडताना हा हिशेब विसरणारा माणूस या पदास योग्य नव्हे.

२६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. ठरलेली मुदत उलटली होती, खर्चही मूळ अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला होता. तेव्हा ही निर्दोष यशाची कथा आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. श्रीधरन १९९७ च्या अखेरीस दिल्ली मेट्रोकडे गेले होते, आणि तरीही काम अडले नाही. आपल्यावाचून चालेल अशी घडी बसवून देणे, हे या पदाचे शेवटचे आणि सर्वांत अवघड कौशल्य.

आता थोडे घरचे. आपले हे सभागृह बांधले तेव्हा आम्ही सर्वजण कार्यकारिणीवर होतो. एकाने भिंती उभ्या केल्या, एकाने पंखे आणले, एकाने खुर्च्या. प्रत्येकाने आपले काम चोख केले. फक्त विजेच्या जोडणीचा अर्ज कोणी द्यावयाचा, हे कोणालाच ठाऊक नव्हते! उद्‌घाटन भाड्याच्या जनरेटरवर झाले आणि त्याच्या घरघरीत पाहुण्यांचे भाषण कोणालाच ऐकू गेले नाही. आम्ही सर्व कष्टाळू होतो. मेळ घालणारा मात्र आमच्यात कोणी नव्हता. तो दोष आमचा सर्वांचा.

तेव्हा बंधुभगिनींनो, तुमची लेक रात्री उशिरापर्यंत फोनवर बोलताना दिसली, तर ती नुसती बोलते असे समजू नका. कदाचित दोन माणसांच्या कामांमधला असाच एखादा राहून गेलेला अर्ज ती शोधत असेल. आणि मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांची सूत्रे तिच्या पिढीकडे देताना आम्ही जुन्यांनी खुर्च्या तेवढ्या मोकळ्या करून थांबू नये. निर्णयाचे अधिकारही द्यावेत, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.