जुने नाव, नवा धनी: रोम आणि नागपूर



एखाद्या देशातली राजवट बदलली, हे कशावरून ओळखायचे? प्रश्न सोपा वाटतो. पण ज्यांच्या डोळ्यांदेखत ती बदलते त्यांनाही पुष्कळदा नेमका दिवस सांगता येत नाही. रोमचे उदाहरण घ्या. इ.स.पू. २७ च्या जानेवारीत ऑक्टेव्हियन सिनेटपुढे उभा राहिला आणि यादवीच्या काळात हाती आलेले सारे असाधारण अधिकार आपण परत करतो आहोत, असे त्याने जाहीर केले. सिनेटने त्याला ‘ऑगस्टस’ ही पदवी दिली आणि स्पेन, गॉल, सीरिया यांसारखे प्रांत दहा वर्षांसाठी त्याच्याकडे सोपवले. साम्राज्याचे बहुतेक सैन्य याच प्रांतांत होते. पुढे इ.स.पू. २३ मध्ये त्याने कॉन्सल हे दरवर्षीचे सर्वोच्च पद सोडले, पण ट्रिब्यूनचे अधिकार स्वतःकडे घेतले. ट्रिब्यून हा मूळचा सामान्य जनांचा रक्षक. सरदार घराण्यांविरुद्धच्या झगड्यातून, परंपरेनुसार इ.स.पू. ४९४ मध्ये, हे पद जन्माला आले होते. लोकांनी स्वतःच्या संरक्षणासाठी मिळवलेला अधिकार आता एका माणसाच्या सत्तेचा आधार झाला. तरीही दरवर्षी दोन कॉन्सल निवडले जात, सिनेट भरत असे, ठराव होत असत. ज्याला आपण आज पहिला सम्राट म्हणतो, त्याने राजा ही पदवी कधीच घेतली नाही.

मग बदलले काय? माझ्या मते, उत्तर सैनिकाच्या पगारात आहे. इ.स.पू. १०७ मध्ये सेनापती मारियसने भूमिहीन रोमनांना सैन्यात घेतले, तेव्हापासून सैनिकाचे भवितव्य हळूहळू सेनापतीच्या हाती जाऊ लागले. लढाई संपल्यावर जमीन कोण देणार? सिनेट टाळाटाळ करी, सेनापती शब्द देई. म्हणून इ.स.पू. ८८ मध्ये सुल्ला आपले सैन्य घेऊन रोमवर चालून जाऊ शकला आणि इ.स.पू. ४९ मध्ये सीझरला सैन्यासह रुबिकॉन नदी ओलांडता आली. ऑगस्टसने हा धागा अचूक पकडला. इ.स. ६ मध्ये त्याने निवृत्त सैनिकांसाठी स्वतंत्र खजिना उभारला, त्यात स्वतःचे १७ कोटी सेस्टर्स घातले आणि तो पुढे चालावा म्हणून वारसाहक्कावर पाच टक्के कर बसवला. सैनिकाने कोणाकडे पाहायचे, हे त्या दिवशी कायमचे ठरले. बाकीची पदे जिथल्या तिथे राहिली.

आता आपल्या वैनगंगेच्या खोऱ्याकडे येऊ. भंडाऱ्याजवळचे जवाहरनगर आज ज्या मुलखात आहे, तो अठराव्या शतकाच्या आरंभी देवगडच्या गोंड राज्याच्या प्रभावाखाली होता. नागपूर शहर वसवणारा बख्त बुलंद शाह याच घराण्यातला. त्याचा वारस चांद सुलतान वारल्यावर वलीशाहने गादी बळकावली, आणि चांद सुलतानची विधवा राणी रतनकुंवर हिने वऱ्हाडातून रघुजी भोसल्यांना मदतीला बोलावले. रघुजींनी वलीशाहचा पाडाव केला आणि राणीच्या मुलांना, बुऱ्हानशाह व अकबरशाह यांना, गादी मिळवून दिली. मग भावाभावांत वितुष्ट आले. रघुजी पुन्हा आले, अकबरशाहला देश सोडावा लागला, आणि १७४३ पासून खरी सत्ता नागपूरकर भोसल्यांची झाली. पण बुऱ्हानशाहला त्यांनी दूर केले नाही. त्याची राजा ही पदवी टिकली, तनख्याची नेमणूक ठरली. भोसल्यांच्या नव्या राजाला टिळा लावण्याचा मान गोंड राजाकडे राहिला आणि महसुलाच्या काही कागदांवर त्याचाच शिक्का लागत असे. स्वतः रघुजी ‘सेनासाहेब सुभा’ म्हणून साताऱ्याच्या छत्रपतींचे सेवक होते, आणि साताऱ्याकडे चौथाई-सरदेशमुखीच्या १७१९ च्या सनदा दिल्लीच्या बादशाहाच्या होत्या. तलवार नागपुरात होती. तिला हक्क देणारी नावे देवगडात, साताऱ्यात आणि दिल्लीत होती.

यावर पहिला आक्षेप असा येतो की ही तुलनाच विषम आहे. रोममध्ये नागरिक मत देत होते; गोंड राज्यात राजाच होता, फक्त राजा बदलला. आक्षेपात तथ्य आहे. रोमनांनी जे गमावले ते आपल्याकडे तेव्हा नव्हतेच. इ.स. १४ मध्ये टायबेरियसने अधिकाऱ्यांची निवड लोकसभांकडून सिनेटकडे नेली, तेव्हा सामान्य नागरिकाचा एक खरा हक्क गेला. तेवढी हानी नागपूरच्या रयतेची झाली असे कोणी म्हणणार नाही. पण माझा मुद्दा हक्कांचा नाही, सत्तांतराच्या रीतीचा आहे, आणि ती रीत दोन्हीकडे एकच आहे. दुसरा आक्षेप अधिक कडक आहे: हे सारे ढोंग होते, ते सर्वांना कळत होते, मग त्याला महत्त्व का द्यायचे? कळत होते हे खरेच. पदांची नावे तीच राहिली आणि स्वातंत्र्य गेले, हे रोमन इतिहासकार टॅसिटसने स्पष्ट लिहून ठेवले आहे. पण लोकांना कळत असूनही त्यांनी ते स्वीकारले, कारण शतकभराच्या यादवीनंतर जुन्या नावाखाली मिळणारी शांतता त्यांना हवी होती. गोंड सरदारांना आणि जमीनदारांनाही मान खाली न घालता नव्या धन्याची चाकरी करता आली. रक्तपात टळला, ही लहान गोष्ट नाही.

मला या पद्धतीचा खरा दोष दिसतो तो दुसऱ्याच ठिकाणी, वारसाच्या प्रश्नात. जे पद कागदावर नाही, त्याचा वारस ठरवणारा कायदा करता येत नाही. कायदा करायचा तर काय घडले आहे ते कबूल करावे लागते. म्हणून ऑगस्टसला आयुष्यभर एकामागून एक माणसे पुढे आणावी लागली: भाचा मार्सेलस, मग अग्रिप्पा, मग गायस आणि लुसियस हे नातू. ते सारे त्याच्याआधी गेले आणि अखेर इ.स. ४ मध्ये सावत्र मुलगा टायबेरियस दत्तक आला. इ.स. ४१ मध्ये सम्राट कॅलिगुला मारला गेला, तेव्हा सिनेट प्रजासत्ताकाची चर्चा करत बसली आणि रक्षकदलाने क्लॉडियसला सम्राट करूनही टाकले. इ.स. ६९ या एकाच वर्षात रोमने चार सम्राट पाहिले. कोणी म्हणेल, उघड राजेशाहीतही भाऊ भावाचा गळा कापतो. औरंगजेबाने काय केले? खरे आहे. परंतु दिल्लीच्या भावांना बाहेरच्या कोणाकडून पदाची वस्त्रे घ्यावी लागत नव्हती. उसन्या नावाने चालणाऱ्या राज्यात प्रत्येक वारसा-तंटा नाव देणाऱ्याच्या किंवा त्याच्या नावाने कारभार करणाऱ्याच्या दारी जातो, आणि तिथे बाहेरच्याला चावी सापडते.

नागपूरचा पुढचा इतिहास हेच दाखवतो. १७५५ मध्ये रघुजी वारले, आणि त्यांचे मुलगे जानोजी व मुधोजी यांचा वाद पुण्यात, छत्रपतींच्या नावाने कारभार करणाऱ्या पेशव्यांपुढे मिटला. १७७२ मध्ये जानोजी गेले. त्यांचे भाऊ मुधोजी आणि साबाजी दोघेही सेनासाहेब सुभ्याच्या पदासाठी झगडू लागले. पुण्यात कोणाचे वजन आहे यावर कधी याला तर कधी त्याला मान्यता मिळाली. शेवटी जानेवारी १७७५ मध्ये पाचगावच्या लढाईत मुधोजींच्या हातून भाऊ मारला गेला. पुढे गादीवर आलेले दुसरे रघुजी १८१६ मध्ये वारले. त्यांचा मुलगा परसोजी दुर्बळ होता, म्हणून कारभार पाहणाऱ्या आप्पासाहेबांना आधार हवा होता. आता पुणे दूर पडले होते, इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी जवळ होती. त्याच वर्षी मे महिन्यात तैनाती फौजेचा तह झाला. भोसल्यांच्या मुलखात इंग्रज फौजेचा तळ पडला, तो वारसाच्या अडचणीतून. इंग्रजांशी झालेली सीताबर्डीची लढाई नोव्हेंबर १८१७ ची, त्यानंतरची.

पुढे कंपनीने भोसल्यांशी तेच केले, जे भोसल्यांनी गोंडांशी केले होते. १८१८ मध्ये, एव्हाना राजा झालेल्या आप्पासाहेबांना पदच्युत करून तिसरे रघुजी या अल्पवयीन मुलाला गादीवर बसवले आणि १८२६ पर्यंत कारभार रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सने पाहिला. साताऱ्यातही कंपनीने पेशवाई बुडवून छत्रपती प्रतापसिंहांना गादी दिली, १८३९ मध्ये त्यांना काढले आणि १८४८ मध्ये राज्यच खालसा केले. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी पुत्राविना वारले. गव्हर्नर-जनरल डलहौसीने दत्तक नाकारला, आणि हे राज्य १८१८ मध्ये आम्हीच दिलेले होते असा युक्तिवाद केला. हा अन्याय होता, आणि तो बळावर झाला. भोसल्यांच्या पूर्वीच्या वागण्यामुळे तो न्याय्य ठरत नाही. पण युक्तिवादाचा आधार पाहा: तुमची गादी दुसऱ्याने दिलेली आहे, म्हणून वारसही तोच ठरवणार. बुऱ्हानशाहच्या वंशजांना हे वाक्य एकशे दहा वर्षे आधीपासून ठाऊक होते. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, आणि त्याबरोबर भंडाऱ्याचा मुलूखही इंग्रजी अमलात गेला. गोंड राजाच्या घराण्याची पदवी आणि नेमणूक त्यानंतरही नागपुरात चालू राहिली.