टक्के आणि पर्सेंटाइल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. आजवर मंडळात बोलले ती भाजणीवर आणि लोणच्यावर. पण कार्यवाह ताई म्हणाल्या, "तुमच्या घरी घडलं ते सांगा, पुष्कळ जणींची मुलं त्याच वाटेवर आहेत." म्हणून उभी राहिले. चुकले तर पदरात घ्या.

आमच्या थोरलीच्या मनात पवईच्या आय.आय.टी.त जायचे होते. २०२४ साली पहिल्या परीक्षेचा, म्हणजे जे.ई.ई. मेनचा, निकाल लागला. तिला ९७ मिळाले. मी त्याच संध्याकाळी आळीभर पेढे वाटले! पोर क्लासहून आली, खोका पाहिला आणि म्हणाली, "आई, हे टक्के नाहीत गं." आणि रडायलाच लागली.

मग तिने मला समजावले. ९७ पर्सेंटाइल म्हणजे शंभर मुलांत तिच्यापुढे तीन. मी म्हटले, तीनच ना? पण परीक्षेला चौदा लाखांवर मुले होती. शंभरात तीन, तर चौदा लाखांत बेचाळीस हजार! आणि तेवीस आय.आय.टी. मिळून त्या वर्षी जागा १७,७४०. पवईच्या कॉम्प्युटर शाखेत तर खुल्या जागांचा शेवटचा क्रमांक सत्तराच्या आत असतो. पेढे तोवर पचले होते.

तरी आशा होती. दुसऱ्या परीक्षेला, ॲडव्हान्स्डला, बसायला खुल्या वर्गाला त्या वर्षी ९३.२३ पर्सेंटाइल पुरत होते. पण आणखी एक अट असते, ती मला ठाऊकच नव्हती. बारावीला बोर्डात ७५ टक्के हवेत, किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये नाव हवे. अनुसूचित जाती-जमातींना व अपंगांना ६५ टक्के. क्लासवाल्यांनी, नाव घेत नाही, "बोर्डाकडे बघूच नका" असे सांगितलेले. फीसाठी माझ्या पाटल्या मोडल्या होत्या, तेव्हा त्यांचा शब्द मला वेदवाक्य. एका रात्री ती प्रयोगवही लिहीत बसली होती. मी वही ओढून घेतली आणि म्हटले, गणिते सोडव. ती काही बोलली नाही. मी झोपल्यावर तिने ती पुरी केली, हे मला फार उशिरा कळले.

बोर्डाचा निकाल २१ मेला लागला. ७६ टक्के. एका टक्क्याने वाचली. त्या वहीचे गुण नसते तर काय झाले असते, हे अजून मनातून जात नाही.

२६ मेला ॲडव्हान्स्ड झाली. एकाच दिवशी तीन-तीन तासांचे दोन पेपर. ३६० गुणांपैकी खुल्या वर्गाला यादीत यायला १०९ हवे होते, शिवाय प्रत्येक विषयात किमान दहा. हिला १०१. मुलींसाठी २०१८ पासून वाढीव जागा आहेत, पण त्यालाही आधी यादीत नाव लागते.

ॲडव्हान्स्ड लागोपाठ दोन वर्षे देता येते. "पुन्हा बसतेस का?" मी विचारले. या खेपेला नुसते विचारले, सांगितले नाही. ती नको म्हणाली. आता पुण्यात इंजिनिअरिंग शिकते आहे.

ज्यांची मुले अकरावीत आहेत त्यांनी त्या वर्षीचे माहितीपत्रक स्वतः वाचावे. आकडे दर साली बदलतात. अडले तर दुपारी माझ्याकडे या, मुलीला फोन लावून देईन.

धाकटा दहावीत आहे. परवा म्हणाला, "आई, ८८!" मी विचारले, टक्के की ते दुसरे? खूप हसला. पेढे मात्र अजून आणले नाहीत.