परमुलखातले गलाईचे दुकान

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातले खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ हे तालुके, आणि त्यांना लागून असलेले साताऱ्याचे माण व खटाव, हा सारा मुलूख अवर्षणाचा. या मुलखातला माणूस पोटासाठी मुंबईच्या गिरणीत गेला, गोदीत गेला, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्यांतला एक मोठा वर्ग मुंबईच्याही पुढे, दक्षिणेत केरळ-तमिळनाडूपर्यंत आणि उत्तरेत गंगायमुनेच्या काठच्या शहरांपर्यंत पांगला, आणि जिथे गेला तिथे त्याने बहुतेक एकच धंदा केला. जुने सोनेचांदी गाळून शुद्ध करून देणे, हा तो धंदा. त्याला आपण गलाई म्हणतो. आज हे भाषण ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांच्या शहरात सराफबाजाराच्या मागच्या बोळात असे एखादे दुकान असेल, आणि त्यात विट्याकडचे मराठी कानी पडेल.

मला या दुकानांविषयी एक कुतूहल आहे. माणूस परक्या गावी येतो. तिथली भाषा त्याला येत नाही, स्वतःचे घर नाही, मागे उभा राहील असा कोणी वजनदार सोयरा नाही. आणि काही वर्षांत त्या गावातले सोनार आपले सोने त्याच्या हाती निर्धास्तपणे देऊ लागतात. ही पत येते कोठून? माणसे प्रामाणिक असतात म्हणून, असे उत्तर आपण चटकन देतो. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. मनातला प्रामाणिकपणा समोरच्याला दिसत नाही. त्याला दिसेल अशी कामाची रीत असावी लागते.

त्यासाठी हे काम थोडे समजून घेतले पाहिजे. मोडीचा दागिना मुशीत वितळवला की त्याचे वजन घटते. पोकळ दागिन्यात भरलेली लाख जळते, मळ जातो, टाकणखाराबरोबर काही हीण वर येते. मग त्या सोन्यात इतकी चांदी मिसळतात की सोन्याचा भाग सुमारे चौथाई उरावा. चांदी याहून कमी पडली तर तेजाबाचा शिरकाव आतपर्यंत होत नाही आणि हीण तसेच राहते. हा मिश्र धातू पातळ करून नत्राम्लात, म्हणजे तेजाबात, उकळला की चांदी आणि तांबे विरघळतात. तळाशी तपकिरी भुकटी राहते, तेच शुद्ध सोने. विरघळलेली चांदी त्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या टाकून परत मिळवतात. बावीस कॅरटचा शंभर ग्रॅम दागिना असेल, तर त्यातून साडेएक्क्याण्णव ग्रॅमच्या आसपास शुद्ध सोने यावे, हा हिशेब सोनारालाही पाठ असतो. पण दागिना खरोखरच बावीस कॅरटचा होता काय? त्यात झाळ किती होती? वादाची जागा ही आहे.

ज्यांचे दुकान टिकते ते हा वाद होण्याच्या आधीच मिटवतात. दागिना गाळताना सोनाराला किंवा त्याच्या माणसाला समोर बसवतात. गाळण्यापूर्वीचे वजन, गाळल्यानंतरचे वजन, टंच आणि मजुरी ही सारी चिठ्ठीवर त्याच्यादेखत लिहितात. लगडीचा एक कण सोनाराकडे राहतो आणि एक दुकानात. शंका आली तर तो कण तिसऱ्याच दुकानी तपासून घ्यावा, असे सोनाराला आपण होऊन सांगतात. हे सांगणे मला फार महत्त्वाचे वाटते. ज्या सोनाराला अशी मोकळीक असते, तो ती क्वचितच वापरतो.

आता त्या तिसऱ्या दुकानाविषयी. ते बहुधा आपल्याच तालुक्यातल्या कोणाचे तरी असते. म्हणजे तो गाववालाही आणि प्रतिस्पर्धीही. बोळात चार दुकाने झाली की मजुरी पाडण्याची चढाओढ लागते, आणि मजुरी फार उतरली की ती भरून काढण्याचा मोह घटीतून होतो. येथे गाववाल्यांचा एकोपा उपयोगी पडतो, पण तो नुसता एकत्र जेवण्याखाण्याचा असून चालत नाही. एकमेकांचा टंच पडताळून देणे, एखाद्याचा तेजाब संपला तर उसना देणे आणि तो त्याच आठवड्यात फेडणे, आजारीपणात त्याचे अडलेले काम त्याच्या नावाने पुरे करून गिऱ्हाईक त्याचे त्याला परत करणे, असा तो असावा. यांतले शेवटचे सर्वांत अवघड. गिऱ्हाईक एकदा आपल्या पायरीवर आले की ते परत धाडायला मन मोठे लागते.

एका बाबतीत तर हा एकोपा संरक्षणाचे काम करतो. मुशीत पडलेल्या सोन्याला पूर्वीचे रूप उरत नाही, म्हणून चोरीचा माल गाळून घेण्यासाठी याच दुकानांकडे पाय वळतात. चोरीचा माल जाणूनबुजून, किंवा तसे समजण्यास कारण असताना, घेणे हा जुन्या दंडविधानात गुन्हा होता, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. अनोळखी माणूस घाईने, पडत्या भावात, बिनपावतीचे सोने घेऊन आला, तर नकार द्यावा हे उघड आहे. पण एका दुकानाने नाकारलेला माल शेजारच्या दुकानाने घेतला, तर पोलीस साऱ्या बोळाचीच झडती घेतात. म्हणून असा नकार शेजाऱ्यालाही त्याच घटकेस कळवणे, ही परोपकाराची नव्हे, व्यवहाराची गोष्ट आहे.

गलाईवाल्याचे नशीब सोनाराशी बांधलेले आहे, हे जुन्या लोकांनी १९६३ साली अनुभवले. त्या जानेवारीत सुवर्णनियंत्रण आले, आणि चौदा कॅरटहून अधिक कसाचे दागिने घडवण्यास मनाई झाली. सोनाराचे हात रिकामे झाले, मग मुशीत पडणार काय? १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा पुढे १९९० साली रद्द झाला. २०२१ पासून दागिन्यांवर हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा होत गेला, आणि या दोघांच्या मध्ये तपासणी केंद्र हा तिसरा परीक्षक आला. माल कमी कसाचा निघाला की तेथे नाकारला जातो, आणि सोनार विचारायला येतो तो गलाईवाल्याकडे. पूर्वी जे 'आपसात पाहून घेऊ' म्हणून सुटत असे, ते आता सुटत नाही. मला यात तोटा दिसत नाही. ज्याच्या चिठ्ठ्या नीट जपलेल्या आहेत, त्याला या परीक्षकाचा आधारच होतो.

शेजारी म्हटले की आपण गिऱ्हाईक आणि प्रतिस्पर्धी एवढेच पाहतो. वरच्या मजल्यावर बिऱ्हाड करून राहणारे कुटुंब आपल्या हिशेबात नसते. तेजाब उकळताना निघणारा तांबूस धूर फुप्फुसाला घातक आहे, आणि त्याचा त्रास कधी कधी काही तासांनी उमटतो, त्यामुळे त्या वेळी धोका जाणवत नाही. तो धूर नळाने ओढून क्षारयुक्त पाण्यातून नेला तर बराच निवतो. त्याला खर्च येतो, जागा लागते, हे खरे. पण तो धूर सर्वांत आधी दुकानातल्या मुलाच्या छातीत जातो.

या मुलाविषयी बोलल्यावाचून विषय पुरा होत नाही. तो बहुधा पुतण्या, भाचा, नाहीतर गावातल्या कोणाचा धाकटा. मामाच्या किंवा चुलत्याच्या दुकानी राहायचे, भट्टी फुंकायची, टंच ओळखायला शिकायचे, आणि चारपाच वर्षांनी नव्या गावी स्वतःचे दुकान मांडायचे, याच वाटेने हा धंदा देशभर पसरला. नाते असल्यामुळे मुलाला घास आणि छप्पर मिळते. नाते असल्यामुळेच त्याचा पगार ठरत नाही. 'घरचाच आहे, देऊ की' या वाक्यात वर्षे निघून जातात. मामाच्या मनात मुलाला दुकान काढून देण्याचे असते, मुलाच्या मनात मामा आपल्याला राबवून घेतो असे असते, आणि दोघांपैकी कोणीच बोलत नाही. मग एके दिवशी मुलगा समोरच्याच बोळात दुकान मांडतो, आणि दोन घरांतले येणेजाणे बंद होते. धंद्यात झालेल्या नुकसानीपेक्षा हे दुखणे जास्त दिवस टिकते.

मुलगा दुकानी आला त्याच महिन्यात चार गोष्टी कागदावर याव्यात: पगार किती, त्यातला हाती किती आणि त्याच्या नावे बँकेत किती, शिकण्याची मुदत किती, आणि मुदतीनंतर याच गावात दुकान काढायचे झाल्यास कोणती गिऱ्हाइके मामाची राहतील. शेवटच्या कलमाने मामांना राग येतो, असा अनुभव आहे. तरी ते लिहावे. गावच्या यात्रेला देशभरची ही मंडळी घरी परततात आणि मुलाचे आईवडील तेथेच असतात. तो कागद चौघांसमोर वाचून दाखवायला आणि वर्षाची जमा मुलाच्या हाती द्यायला ते चार दिवस सोयीचे आहेत.