अर्धशिशीवरील इंजेक्शने : अपेक्षा आणि मर्यादा



अर्धशिशीची वेदना दिसत नाही. ना जखम, ना ताप. तपासण्याही बहुधा निर्दोष येतात. म्हणूनच घरात ‘हिचे रोजचेच आहे’ असे म्हटले जाते. तीन महिन्यांहून अधिक काळ, महिन्यातील १५ वा अधिक दिवस डोके दुखत असेल आणि त्यांपैकी किमान ८ दिवस अर्धशिशीची लक्षणे असतील, तर तिला जुनाट अर्धशिशी म्हणतात.

अशा रुग्णांसाठी बोटुलिनम टॉक्सिनला ब्रिटन व अमेरिकेत २०१० साली मान्यता मिळाली. एका जिवाणूचे हे विष अत्यल्प मात्रेत कपाळ, कानशिले, डोक्याची मागील बाजू, मान व खांदे येथे किमान ३१ ठिकाणी टोचतात. एका फेरीत साधारण १५५ युनिट लागतात व दर १२ आठवड्यांनी ती पुन्हा द्यावी लागते. मज्जातंतूंच्या टोकांतून वेदना वाहणारी रसायने बाहेर पडणे त्यामुळे कमी होते. २०१८ पासून प्रतिपिंडांची इंजेक्शनेही उपलब्ध झाली. त्यांतील काही महिन्यातून एकदा त्वचेखाली घेतात. दोन्ही उपचार महाग आहेत. त्या मानाने डोक्यामागील मज्जातंतूजवळ बधिर करणारे औषध टोचणे स्वस्त असून त्याने काहींना काही दिवस, काहींना काही आठवडे आराम पडतो.

यांपैकी एकही उपचार व्याधी समूळ नाहीशी करीत नाही. दुखण्याचे दिवस कमी होणे, हेच त्याचे यश. म्हणून आम्ही सुईआधी वही मागतो : दुखण्याचा दिवस आणि घेतलेली गोळी, यांची नोंद. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ वा अधिक दिवस घेतल्यास त्यांनीच डोकेदुखी जडू शकते; तेव्हा प्रथम त्या आटोक्यात आणाव्या लागतात.

देणगीदारांना आमची एकच विनंती आहे. या उपचाराचा गुण एका फेरीत ठरत नाही. दोन-तीन फेऱ्या पाहाव्या लागतात. पहिल्या सुईपुरते पैसे उभे करून गरीब रुग्णाला अर्ध्या वाटेवर सोडणे आम्हांस उचित वाटत नाही. कमी रुग्ण निवडावे, पण त्यांचा उपचार निर्णयापर्यंत न्यावा, हे आमचे धोरण आहे. गुण न आल्यास तो थांबविणे हेही आपल्या दानाचा मान राखणेच होय.

आप्तजनांनी मात्र वहीतील प्रत्येक नोंदीवर विश्वास ठेवावा. त्याला पैसा लागत नाही.