जुनी संगणकप्रणाली आणि मराठी मजकुराचे जतन

ग्वाल्हेरमधील मराठीचा इतिहास बराचसा मोडी कागदपत्रांत साठलेला आहे, आणि ते कागद वाचू शकणारी माणसे होती म्हणूनच आनंदराव भाऊ फाळके यांच्या संपादनाखाली 'शिंदेशाही इतिहासाची साधने' छापील रूपात अभ्यासकांपुढे आली. १९९० नंतरच्या मराठी मजकुराची स्थिती याहून वेगळी नाही. स्मरणिका, कुलवृत्तान्त, मंडळांचे अहवाल आणि कवितासंग्रह यांची जुळणी त्या काळात संगणकावर होऊ लागली. पुण्याच्या सी-डॅकचे 'आयएसएम', तसेच 'श्रीलिपी' आणि 'आकृती' ही त्यासाठीची परिचित साधने होती. ज्या संस्थेच्या कपाटात किंवा ज्या घरात त्या वेळच्या फ्लॉपी शिल्लक आहेत, तेथे मजकूर असूनही वाचता येत नाही, अशी अवस्था ओढवते.

याचे कारण त्या साधनांतील फॉन्टांच्या रचनेत आहे. युनिकोड म्हणजे जगातील लिप्यांच्या प्रत्येक वर्णाला स्वतंत्र क्रमांक देणारी संकेतप्रणाली. तिच्यातील देवनागरीचा आधार विंडोजमध्ये २००० सालच्या आवृत्तीपासून मिळू लागला. त्याआधीचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांसाठी राखलेल्या २५६ जागांवर काना, मात्रा, अर्धी अक्षरे असे अक्षरांचे तुकडे बसवीत, आणि कोणता तुकडा कोणत्या जागी हे प्रत्येक उत्पादक आपापल्या सोयीने ठरवी. म्हणून तो विशिष्ट फॉन्ट आणि तो चालवणारे सॉफ्टवेअर नसेल, तर पडद्यावर केवळ निरर्थक चिन्हे उमटतात. अशा वेळी विंडोज ९५ किंवा विंडोज ९८ ही जुनी प्रणालीच पुन्हा उभी करणे हा विश्वासार्ह मार्ग ठरतो, आणि त्यासाठी एम्युलेटर, म्हणजे जुन्या संगणकाचे सर्व भाग सॉफ्टवेअरच्या रूपात हुबेहूब वठवणारा कार्यक्रम, वापरला जातो.

हे स्थापन, म्हणजे जुनी प्रणाली एम्युलेटरमध्ये बसवणे, पहिल्या प्रयत्नात क्वचितच तडीस जाते. तथापि त्यातील अपयश अकारण नसते. जुन्या प्रणालीने आपल्या यंत्राविषयी जे गृहीत धरलेले असते, त्यातील एखादे गृहीतक नव्या यंत्रात मोडलेले असते, आणि ते कोणते हे शोधून पूर्ववत करणे हेच दुरुस्तीचे खरे स्वरूप होय.

पहिले गृहीतक प्रारंभाचे आहे. विंडोज ९५ ची सीडी सहसा स्वतःहून संगणक सुरू करू शकत नाही. तिला डॉसची प्रारंभ-फ्लॉपी लागते आणि त्या फ्लॉपीत सीडी-ड्राइव्ह ओळखणारा ड्रायव्हर असावा लागतो. त्यानंतर 'एफडिस्क'ने आभासी डिस्कचे विभाजन आणि 'फॉरमॅट'ने तिची आखणी करावी लागते. विंडोज ९५ ची मूळ आवृत्ती २ जीबीपेक्षा मोठा विभाग हाताळत नाही, त्यामुळे डिस्क लहान ठेवणेच श्रेयस्कर. सीडीवरील स्थापनेच्या फायली प्रथम त्या डिस्कवर उतरवून तेथूनच स्थापन चालवले, तर मध्येच सीडी न सापडण्याची अडचणही टळते.

दुसरे गृहीतक स्मृती आणि वेग यांचे आहे. ५१२ एमबीपेक्षा अधिक स्मृती दिली असता या प्रणाली स्वतःच्या फाइल-साठ्यासाठी मर्यादेपलीकडे जागा राखू पाहतात आणि स्मृती अपुरी असल्याचा उलटाच संदेश देऊन थांबतात. ६४ किंवा १२८ एमबी दिल्यास हा प्रश्न उद्भवत नाही. वेगाची बाब अधिक उद्बोधक आहे. प्रोसेसरचा वेग मोजण्यासाठी विंडोज ९५ एक ठरावीक आवर्तन चालवून त्याला लागलेल्या काळाने भागाकार करते. प्रोसेसर इतका वेगवान असला की मोजलेला काळ शून्य भरतो, तेव्हा शून्याने भागण्याची चूक होऊन 'विंडोज प्रोटेक्शन एरर' येते. येथे एम्युलेटर आणि आभासी यंत्र यांतील भेद महत्त्वाचा ठरतो. आभासी यंत्र जुन्या प्रणालीच्या आज्ञा थेट खऱ्या प्रोसेसरकडे सोपवते, तर 'पीसेम' आणि '८६बॉक्स' यांसारखे एम्युलेटर त्या काळचा प्रोसेसर त्याच्या मूळ वेगासह वठवतात. अलीकडच्या प्रोसेसरांवरील आभासी यंत्रांत, स्मृतीच्या पत्त्यांची तात्पुरती नोंद वेळेवर न पुसण्याचा विंडोज ९८ मधील सुप्त दोष उघडा पडून प्रणाली वारंवार कोसळते. तेथे दुरुस्ती-कार्यक्रम लावावा लागतो किंवा पूर्ण एम्युलेशनकडे वळावे लागते.

तिसरे गृहीतक उपकरणांचे आहे. प्रणालीला तिच्याच काळातील उपकरणे दिली, तर ड्रायव्हर तिच्याजवळ असतात. 'क्यूईएमयू' या एम्युलेटरमध्ये सिरस लॉजिकचे पडदा-कार्ड निवडले की सोळा रंगांत अडकलेला पडदा मोकळा होतो, तो याच कारणाने. उपकरणे ओळखताना स्थापन गोठले, तर यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावे, कारण कोणत्या तपासणीत अडथळा आला याची नोंद 'डेटक्रॅश' या फाइलीत झालेली असते आणि पुढच्या वेळी स्थापन-कार्यक्रम तेवढी तपासणी वगळून पुढे जातो. स्थापनाच्या नोंदी वाचणे, एका वेळी एकच बदल करणे आणि प्रत्येक यशस्वी टप्प्यावर आभासी डिस्कची प्रत काढून ठेवणे, ही या कामाची शिस्त आहे.

मूळ साधनांविषयीही काळजी हवी. फ्लॉपीची लेखनबंदी-खूण सरकवून तिची १४,७४,५६० बाइटची संपूर्ण प्रतिमा आधी घ्यावी आणि एम्युलेटरमध्ये केवळ प्रतिमेची प्रत वापरावी. या प्रणालींना सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे थांबलेले असल्याने त्यांना इंटरनेटपासून दूर ठेवावे, आणि स्थापन स्वतःच्या परवान्याच्या प्रतीवरूनच करावे. डॉसच्या काळातील जिस्ट-कार्डावर अवलंबून असलेला मजकूर मात्र अधिक कठीण, कारण ते देवनागरी दाखवणारे प्रत्यक्ष कार्ड संगणकात बसवावे लागे.

प्रणाली उभी राहिली म्हणजे कार्य संपले असे नव्हे. मजकूर युनिकोडमध्ये नेताना जुन्या फॉन्टांतील दृश्य क्रम उच्चारक्रमात बदलावा लागतो: ऱ्हस्व वेलांटी तेथे व्यंजनाआधी साठवलेली असते, ती व्यंजनानंतर न्यावी लागते, रफार अक्षरानंतर असतो, तो त्याआधी आणावा लागतो. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांतील भेद या रूपांतरात सहज बुजतो, आणि हिंदीसाठी रचलेली रूपांतर-साधने तो ओळखतीलच अशी खात्री नसते. म्हणून एम्युलेटरमधील मूळ पान शेजारी ठेवून ओळीमागून ओळ ताडून पाहणे अपरिहार्य आहे.

यासाठी स्थापन जाणणारा तरुण, जुना कळफलक वापरलेला जुळणीकार आणि शुद्ध मराठी वाचणारा मुद्रितशोधक असे तिघे एकत्र बसणे आवश्यक आहे. ग्वाल्हेरमध्ये मराठी मंडळी आहेत आणि संगणकाचे उच्च शिक्षण देणारी संस्थाही आहे. जुळणीचे ते काम स्वतः केलेली पिढी हयात असतानाच ही सांगड घातली गेली, तर या शहराच्या मराठीतील १९९० चे दशक पुढील अभ्यासकांना मूळ मजकुरासह वाचता येईल.