नाताळची धांदल

जन्माशीं संबंध सांगणारा 'नाताल' हा पोर्तुगीज शब्द पश्चिम किनाऱ्यावर रुजला आणि मराठींत 'नाताळ' होऊन राहिला. शाळा आणि कचेऱ्या यांच्या कृपेनें त्याच्या शेजारीं 'सुटी' हा शब्द येऊन बसला, आणि ज्यांच्या घरीं हा सण होत नाहीं त्यांनाही नाताळ म्हटलें कीं विसावा आठवूं लागला. ज्या घरीं तो खरोखर साजरा होतो तेथील गृहिणीला मात्र या दिवसांत विसावा हीच वस्तु सर्वांत दुर्मिळ. डिसेंबर लागतांच घराची साफसफाई, कपडेलत्ते, भेटवस्तु, पत्रें, फराळाचे जिन्नस, पाहुण्यांची वर्दळ, चर्चमधील गायनाचा सराव आणि या सर्वांच्या मुळाशीं पैशाची तजवीज, हीं कामें एकदम दारांत येऊन उभीं राहतात. पंचविसाव्या तारखेचा सूर्य उगवतो तेव्हां ज्यांच्यासाठीं हा खटाटोप केला तीं माणसें ताजींतवानीं असतात. करणारी मात्र पार गळून गेलेली असते. दिवाळींत फराळाच्या परातीपुढें बसलेल्या महाराष्ट्रीय स्त्रियांना हें चित्र वेगळें समजावून सांगावयास नको.

या ओढाताणीचें खापर बहुधा सणाच्या माथीं फोडलें जातें. सणाची मूळ आंखणी पाहिली तर तो आरोप टिकत नाहीं. ख्रिस्ती पंचांगांत नाताळपूर्वीच्या चार रविवारांचा काळ हा आगमनकाल मानला आहे. हा काळ मूळचा संयमाचा. त्यांत मेजवान्या नव्हत्या, उलट पुष्कळ ठिकाणीं उपास असत. खरा उत्सव पंचविसाव्या तारखेस सुरू होई आणि बारा दिवस चालून ६ जानेवारीस, पूर्वेकडील ज्ञानी पुरुष बाळ येशूच्या दर्शनास आले त्या घटनेच्या स्मरणदिनीं, समाप्त होई. म्हणजे आधीं जवळजवळ महिनाभर शांतपणें तयारी आणि मागाहून बारा दिवस सवडीनें भेटीगांठी, अशी ती व्यवस्था होती. आज लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील रोषणाई नोव्हेंबरांतच उजळते, आणि पंचविसाव्या तारखेची रात्र सरली कीं सण संपला असें लोक धरून चालतात. तयारीचा महिना बाजारानें व्यापला, उत्सवाचे बारा दिवस रिकामे पडले, आणि सारा भार एका तारखेच्या बोकांडीं बसला.

जुन्या आंखणीचा एक गोड अवशेष इंग्रजी स्वयंपाकघरांत अद्याप टिकून आहे. आगमनकाल सुरू होण्यापूर्वीच्या शेवटच्या रविवारीं अँग्लिकन देवळांतून जी प्रार्थना होत आली तिच्या आरंभीं भक्तांच्या इच्छाशक्तीला चेतना देण्याविषयीं देवाला विनवणी आहे. चेतविणें आणि ढवळणें या दोन्ही अर्थीं इंग्रजींत एकच क्रियापद चालतें. तेव्हां प्रार्थनेचे शब्द कानीं पडतांच घरोघरच्या बायकांना नाताळच्या पुडिंगचें भांडें आठवूं लागलें, आणि त्या रविवाराला 'ढवळण्याचा रविवार' असेंच नांव पडलें. मनुका, बेदाणे, चरबी, मसाले, अंडीं आणि थोडी ब्रँडी यांचें तें दाट मिश्रण घरांतील प्रत्येकानें, अगदीं लहान मुलानेंही, पाळीपाळीनें ढवळावयाचें, आणि तेंही ज्ञानी पुरुषांच्या प्रवासाला अनुसरून पूर्वेकडून पश्चिमेकडे. मग तें कांहीं तास वाफेवर शिजवून फडक्यांत बांधून ठेवतात. महिनाभरांत तें मुरतें, आणि सणाच्या दिवशीं पुन्हां वाफ दिली कीं काम झालें. सर्वांत किचकट पदार्थ महिनाभर आधीं हातावेगळा झाला, आणि तोही एकट्या बाईच्या हातांनीं नव्हे. वेळेच्या नियोजनावर आज जाडजूड पुस्तकें निघतात. त्यांतील अर्धेअधिक शहाणपण या एका भांड्यांत आहे.

परंतु काम आधीं उरकणें एवढाच उपाय पुरेसा आहे असें समजणें धोक्याचें. इतिहासांत हा उपाय दोनदां मोठ्या प्रमाणावर करून पाहिला गेला, आणि दोन्ही वेळां औषधच दुखणें होऊन बसलें.

पहिली गोष्ट लंडनची. १८४० सालीं इंग्लंडांत एक पेनीची टपाल सुरू झाली. रोलंड हिलच्या या सुधारणेला हातभार लावणाऱ्यांपैकीं हेन्री कोल हा एक उद्योगी सरकारी अधिकारी होता. टपाल स्वस्त झाली तशीं नाताळचीं अभीष्टचिंतनाचीं पत्रेंही वाढलीं, आणि आलेल्या पत्राला उत्तर न देणें हा त्या समाजांत असभ्यपणा. कोल याला इतकीं पत्रें लिहावयास सवड नव्हती. त्यानें १८४३ सालीं जॉन कॉलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतलें, त्याखालीं शुभेच्छेचा मजकूर छापविला, आणि नांव घालावयास तेवढी जागा मोकळी ठेवली. सुमारें एक हजार प्रती निघाल्या. उरलेल्या एक शिलिंगास एक या दरानें विक्रीस ठेवल्या. डिकन्सची नाताळची प्रसिद्ध गोष्टही त्याच वर्षीं, त्याच डिसेंबरांत बाहेर पडली. एका कामसू गृहस्थानें आपला वेळ वांचविण्यासाठीं काढलेली ही युक्ति! पण पत्र लिहिणें सोपें झालें तसा पत्रें पाठविण्याच्या माणसांचा आंकडाही फुगला. जेथें दहा जिवलगांना पत्रें जात तेथें शंभर ओळखीच्यांना कार्डें जाऊं लागलीं, आणि १८८० सालीं खुद्द टपालखात्यावर 'नाताळची टपाल लवकर टाका' अशी लोकांची विनवणी करण्याची पाळी आली. वांचलेला वेळ कोठें गेला? तो टपालवाल्याच्या पाठीवरील पिशवींत गेला. आतां तर बोटाच्या एका टोंकानें दोनशें जणांना एकच चित्र धाडतां येतें, आणि दोनशें जणांचीं चित्रें पाहण्यांत सणाची सकाळ निघून जाते.

दुसरी गोष्ट अमेरिकेंतील, आणि ती अधिक गंभीर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथील मोठ्या दुकानांतून काम करणाऱ्या तरुण मुलींना आणि निरोप्या पोरांना डिसेंबर हा शिक्षेचा महिना वाटे. गिऱ्हाइकें शेवटच्या आठवड्यांत, आणि त्यांतही संध्याकाळीं, लोटत. दुकानें रात्रीं उशीरापर्यंत उघडीं राहत. जादा कामाचा मोबदला बहुधा मिळत नसे, आणि दिवसभर उभें राहून पायांना सूज येई. १८९९ सालीं स्थापन झालेल्या नॅशनल कन्झ्यूमर्स लीग या संस्थेच्या चिटणीस फ्लॉरेन्स केली यांनीं या स्थितीकडे समाजाचें लक्ष वेधलें. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा कीं, खरेदी करणारी सुखवस्तु स्त्री आपली खरेदी महिन्याच्या आरंभीं आणि दिवसाउजेडीं करील, तर काउंटरमागील मुलीला रात्रीं वेळेवर घरीं जातां येईल. 'खरेदी लवकर करा' ही हांक मूळची या करुणेंतून निघाली. व्यापाऱ्यांनीं ती मोठ्या आनंदानें उचलली, कारण तिनें त्यांचा हंगामच लांबला! आज तीच घोषणा दुकानांच्या जाहिरातींत वाचणाऱ्याला तिच्यामागें कोणाचे सुजलेले पाय होते याची कल्पनाही येत नाहीं.

कामें पुढें ढकलण्याऐवजीं मागें सरकविलीं, पण त्यांची संख्या मात्र मोकळी सोडली, तर धांदल कमी होत नाहीं, ती लांबते. हें ओळखून एका लहानशा मंडळींनीं मुळावरच घाव घातला. १९१२ सालीं न्यूयॉर्क शहरांत एलिनॉर रॉब्सन बेलमाँट आणि ॲन मॉर्गन या दोन श्रीमंत घराण्यांतील स्त्रियांच्या पुढाकारानें 'निरुपयोगी देणग्यांना आळा घालणारी मंडळी' स्थापन झाली. दुकानांतील मुलींकडून वरिष्ठांच्या भेटीसाठीं वर्गणी घेण्याची एक चाल होती. ती नाममात्र ऐच्छिक, पण न देणारीची गय नसे. ही चाल मोडणें हा मंडळीचा पहिला उद्देश. पुढें 'देण्याची इच्छा नसतांना लाजेनें देऊं नका' असा तिचा रोख झाला, आणि अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यासारखे गृहस्थही तिचे सभासद झाले. मंडळी फार वर्षें टिकली नाहीं. तिनें विचारलेला प्रश्न मात्र प्रत्येक कुटुंबानें नोव्हेंबरच्या अखेरीस एकदां जेवणाच्या पाटावर घ्यावा असा आहे: या यादींतील किती नांवें प्रेमाचीं, आणि किती केवळ गेल्या वर्षीं तिकडून कांहीं आलें म्हणून? मोठ्या कुटुंबांतून चिठ्ठ्या टाकून एकानें एकालाच भेट द्यावयाची चाल पडली आहे. तींत खर्च आणि हेलपाटे दोन्ही वांचतात, शिवाय एका माणसाला काय आवडेल याचा विचार करावयास सवड मिळते.

प्रत्यक्ष पंचविसाव्या तारखेच्या जेवणाचा हिशेब उलटा मांडावा लागतो. इंग्रजी घरांतून जेवण दुपारीं आटोपण्याची घाई असते, त्याचें एक कारण आकाशवाणीच्या श्रोत्यांना गमतीचें वाटेल. १९३२ सालीं पांचवे जॉर्ज यांनीं सँड्रिंगहॅम येथून नाताळच्या दिवशीं तीन वाजतां पहिलें भाषण प्रक्षेपित केलें (मजकूर रुडयार्ड किपलिंगचा होता) आणि तेव्हांपासून तीनचा ठोका हा कित्येक घरांत भोजनसमाप्तीचा ठोका ठरला. आतां मोठा टर्की पक्षी भाजावयास तीनचार तास लागतात, आणि भट्टी एकच. बर्फांत गोठविलेला पांच किलोंचा पक्षी फ्रिजमध्यें सावकाश सुटा व्हावयास दोन ते तीन दिवस लागतात. म्हणजे ज्या बाईला हें चोविसाव्या रात्रीं आठवलें तिची कोणी समजूत घालूं शकणार नाहीं. जाणत्या बाया मांस भट्टींतून काढून अर्धा तास झांकून ठेवतात. त्यानें त्यांतील रस मुरतो, आणि तेवढ्या वेळांत मोकळ्या भट्टींत बटाटे भाजून निघतात.

हीच दृष्टि घेऊन गोव्याच्या स्वयंपाकघरांत गेलें, तर तेथील पदार्थ स्वतःच आपला क्रम सांगतात. पेरूच्या वड्या, ज्यांना तेथें 'पेराद' म्हणतात, त्या टिकाऊ. त्या आधीं कराव्या. कुलकुल मैद्याचे, कांट्यावर किंवा नव्या स्वच्छ फणीवर दाबून वळावयाचे आणि तळून डब्यांत भरावयाचे; हें काम मुलांचें, आणि मुलांना तें फार आवडतें. एकटीनें बसून कुलकुल वळणाऱ्या गृहिणीनें घरांतील सर्वांत हौशी मजूर वाया घालविले असें म्हणावें लागेल. तांदळाचें पीठ, नारळाचें दूध आणि माडाचा गूळ यांचें दोदोल तासन्‌तास घोटावें लागतें. तेथें पुरुषांच्या मनगटांना बोलावणें धाडावें, आणि त्यांनींही वर्तमानपत्र बाजूस ठेवून यावें. बेबिंकेची गोष्ट निराळी. अंड्यांचा बलक, नारळाचें दूध, साखर आणि तूप यांचा एक थर ओतावयाचा, वरून विस्तव देऊन तो भाजावयाचा, मग त्यावर दुसरा. असे सात किंवा अधिक थर. तिला घाई चालत नाहीं आणि तिला सोडून उठतांही येत नाहीं. ज्या दिवशीं बेबिंका, त्या दिवशीं दुसरें कांहीं नाहीं, असा दंडकच असावा. ओल्या नारळाच्या नेवऱ्या फार टिकत नाहींत, म्हणून त्या सर्वांत शेवटीं.

गोठ्याच्या देखाव्याचेंही तसेंच आहे. त्यांतील हिरवळीसाठीं थाळ्यांतून धान्य पेरतात. तें रुजावयास दिवस लागतात, आणि बाजारांतील कोणतीही धांवपळ त्याला एका रात्रींत वाढवूं शकत नाहीं. मुंबईंत स्थायिक झालेल्या गोमंतकीय कुटुंबांना तर सणाची पहिली जाग ऑक्टोबरच्या अखेरीस यावी लागते, कारण रेल्वेचें आरक्षण सध्यां साठ दिवस आधीं उघडतें आणि नाताळच्या सुमारास कोंकण रेल्वेच्या गाड्या हां हां म्हणतां भरतात.

शेजाऱ्यांकडे फराळाचीं ताटें पाठविण्याची जी 'कोंसुआद' नांवाची चाल आहे, तींत हिंदु शेजारीही येतात आणि त्यांच्याकडून गणेशचतुर्थीस वा दिवाळीस परतफेडही होते. ही चाल मोडूं नये. ताटांतील पदार्थ मात्र बारांचे पांच झाले तर शेजारधर्म उणा होत नाहीं. कांहीं जिन्नस विकत आणले तरी लाज वाटावयाचें कारण नाहीं. गोव्यांत आणि मुंबईंत कित्येक स्त्रिया घरीं हे पदार्थ करून विकतात. त्यांच्याकडे मागणी मात्र वेळेवर नोंदवावी, नाहींतर एका घरची धांदल कमी होऊन ती दुसऱ्या घरच्या चुलीवर जाऊन चढते.

चोविसाव्या तारखेस मध्यरात्रीची मिस्सा असते. त्या दिवशीं दुपारनंतर चूल थंड असावी, याविषयीं घरांतील कर्त्या पुरुषानें हट्टच धरावा. सकाळपासून तळणीपुढें उभी राहिलेली बाई देवळाच्या बांकावर बसून पेंगते, आणि ज्या घटकेसाठीं महिनाभर राबली तीच घटका तिच्या वांट्याला येत नाहीं. एखादा पदार्थ राहिला तर राहूं द्यावा. त्याला पुढें बारा दिवस आहेत.

आणि ते बारा दिवस खरोखरच आहेत. इंग्लंडांत २६ डिसेंबर हा १८७१ सालच्या कायद्यानें सुटीचा दिवस ठरला. त्या दिवशीं कालचें थंड मांस खाण्याची चाल असल्यानें स्वयंपाकिणीला उसंत मिळते. स्पेनमधील मुलांना भेटी मिळावयाच्या त्या परंपरेनें ६ जानेवारीस, तीन राजांच्या हस्तें. गोव्यांत रेइश मागूश आणि चांदर येथें त्याच दिवशीं राजांचा फेस्त भरतो, आणि तीन मुलें राजांचे पोषाख करून मिरवणुकीनें निघतात. ज्यांच्या घरीं डिसेंबरांत जाणें झालें नाहीं त्यांच्याकडे जावयास, ज्यांचीं पत्रें उत्तरावांचून राहिलीं त्यांना चार ओळी लिहावयास, आणि डब्याच्या तळाशीं उरलेले कुलकुल मुलांनीं संपवावयास तोंवर पुरेसा अवकाश असतो.